डाव्या गालावरचं नाक

माझ्या चुलत सासऱ्यांचं नाक मी त्यांच्या डाव्या गालावर नेऊन बसवलं, तेव्हा माझा हेतू अत्यंत चांगला होता.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. (माझ्या नवऱ्याचा तर अजून बसलेला नाही.)

कर्जतला भिसेगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी मुलांचा चित्रकलेचा क्लास घेते. म्हणजे शनिवार-रविवार मुलं येतात, रंग सांडतात आणि जातात. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी झोपडी एवढ्यावर आम्ही सगळे वर्षानुवर्षं सुखात होतो. पण यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि घात झाला! त्यातली बाई म्हणत होती, माणसाचा चेहरा एकाच बाजूनं काढण्याचे दिवस गेले. डोळा समोरून बघायचा, नाक बाजूनं बघायचं, हनुवटी खालून बघायची आणि सगळं एकाच कागदावर एकदम मांडायचं. याला क्युबिझम म्हणतात. लहान मुलांनी रंगीत कागदाचे डोळे-कान कापून चिकटवायचे, मधल्यांनी अर्धा चेहरा समोरून आणि अर्धा बाजूनं काढायचा, मोठ्यांनी रंगात अख्खा चेहरा मोडून पुन्हा जोडायचा, असे तिनं वयाप्रमाणे प्रोजेक्टही दिले होते.

वयाप्रमाणे म्हटल्यावर मला आमच्याच घरातली तिघं दिसायला लागली. थोरली तन्वी दहावीत जाणारी, मधला अर्णव चौथीतला आणि धाकटी चिमी, जी अजून शाळेत झोपायला जाते. क्लासच्या मुलांवर प्रयोग करण्याआधी घरच्यांवर करावा, म्हणून मी नवऱ्याला समोर बसायला सांगितलं.

"माझं नाक हाय तिथं बरं हाय," विलास म्हणाले आणि टेंपो घेऊन निघून गेले. (फार्महाऊसवाल्यांना पिण्याच्या पाण्याचे जार पोचवण्याचा त्यांचा धंदा आहे. अडचणीच्या वेळी नेमकं कोणालातरी पाणी हवं असतं.)

मग मला आठवलं, खोपोलीजवळच्या साजगावच्या आप्पांची एकसष्टी जवळ आलीय!

आप्पा म्हणजे विलासचे थोरले काका. विलासचे वडील लवकर गेले, मग विलासना आप्पांनीच वाढवलं. माणूस प्रेमळ, पण मानी. एका लग्नात पंगतीत त्यांच्या पानात जिलबी वाढायची राहिली, तर त्या घराची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. आणि चेहरा तर काय वर्णावा! भुवया झुडपासारख्या, मिशा रुंद, आणि नाक म्हणजे बोरघाट! चढणही कडक, उतारही कडक. असा चेहरा चित्रकाराला आयुष्यात एकदाच मिळतो. मी तिघांसमोर आप्पांचा फोटो ठेवला आणि म्हटलं, "चला, मोडा!"

चिमीनं कागदाचे डोळे कापून चिकटवले. एक जास्तीचा कापला गेला, तो फुकट जाऊ नये म्हणून तिसराही लावला. अर्णवच्या चित्रात अर्धी मिशी आडवी होती आणि अर्धी उभी. पण तन्वीनं मात्र कमाल केली. निळ्या-तपकिरी तुकड्यांतून तिनं असे आप्पा उभे केले, की मला भरूनच आलं. एक डोळा मोठा, दुसरा बारीक आणि जरा खाली. नाक डाव्या गालावर गेलेलं. तोंड एका बाजूला ओढलेलं.

विलास संध्याकाळी आले, चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अपघात झालाय का?"

"ही कला आहे," मी म्हटलं. "याचाच फ्लेक्स करायचा. आप्पांच्या घरासमोर, सरप्राइज!"

"अगं, साधा फोटो टाकू ना."

"साधा फोटो सगळेच टाकतात!"

विलासनी खोपोलीच्या फ्लेक्सवाल्याला चित्र पाठवलं. 'आप्पांना एकसष्टीच्या हार्दिक शुभेच्छा' असा मजकूर, खाली शुभेच्छुक म्हणून आमचं कुटुंब, आणि कोपऱ्यात माझा हसरा फोटो. फोटोखाली मी आग्रहानं दोन शब्द टाकून घेतले : 'संकल्पना – सौ. सुवर्णा'.

वाढदिवस रविवारी होता. सकाळी चहा घेता घेता मी तन्वीच्या चित्राचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ओळखा पाहू, आज कोणाचा वाढदिवस?'

उत्तर नाही. आमच्या ग्रुपवर कोणी नुसतं शुभ सकाळ म्हटलं तरी गुलाबांचा ढीग पडतो. त्या दिवशी पाकळीसुद्धा पडेना! मी वाट बघितली. पोहे परतले. परत फोन बघितला. तिथं एकच ओळ आली होती. आप्पांनी ग्रुप सोडला.

"अहो," मी ओरडले, "आप्पा गेले!"

विलासच्या तोंडातला ब्रश खाली पडला. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं ते मोरीतून बाहेर आले.

"कदी?"

"आत्ताच!"

"कशानं?"

"मी चित्र टाकलं त्यानं!"

त्यांना खरा प्रकार समजवेपर्यंत त्यांनी भिंतीला टेकून पाणी मागितलं होतं. ते पाणी पितायत तोच काकूंचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा, फोन आला. आवाज दबका, आणि मागं नळ सोडलेला.

"सुनबाई, तुला कोनी सांगितलं गं?"

"काय सांगितलं?"

"आप्पांचं तोंड वाकडं झालंय त्ये!"

"आलं लक्षात. ग्रुप सोडला त्यांनी. चिडलेत ना?"

"चिडलेत त्ये हायेतच. पन तोंड त्याच्या आदीच वाकडं झालंय!"

"आधीच? मग कशावर चिडले?"

"अगं बये, खरंखुरं वाकडं झालंय!" काकूंचा आवाज नळाच्या वर गेला आणि पुन्हा खाली आला. "मागल्या आठवड्यात उठले तं आर्धं तोंड हलंना. डोळा मिटंना. चा प्याले तं सगळा गंजीवर. डाक्टर म्हनले, तोंडाची नस सुजलीय, व्हईल बरं, पन टाइम लागंल. ह्यांनी मला शपत घातली, कोनाला सांगायचं नाय. घराभायेर पाय ठेवला नाय त्यांनी. आन् तू त्याच तोंडाचं चित्र काढून सगळ्यांना वाटलंस!"

मी तन्वीचं चित्र पुन्हा बघितलं. एक डोळा मोठा, एक बारीक. तोंड एका बाजूला ओढलेलं. पोरीनं आप्पांना दिवाळीनंतर बघितलंही नव्हतं!

"काकू, शपथ घेऊन सांगते, आम्हाला काहीच माहीत नव्हतं!"

"मला पटंल गं. त्यांना कोन पटवनार? म्हनतायत, इलासच्या घरात माझा तमाशा केला. मी वाढवला त्या पोरानं." फोन बंद झाला.

मी ग्रुपवरचं चित्र काढून टाकलं. ते माझ्या फोनमधून गेलं. बाकी सगळ्यांच्या फोनमधे राहिलं. (सगळ्यांसाठी काढायचं बटण वेगळं असतं म्हणे. ते मला अर्णवनं नंतर दाखवलं, वेळ टळून गेल्यावर.) तेवढ्यात पुण्याच्या नणंदबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी लिहिलं, 'अगदी हुबेहूब आप्पा!' त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पाच चेहरे. मी तोंडावर पदर धरून बसले. ड्रेसला पदर नव्हता, ओढणी होती, पण प्रसंग पदराचाच होता.

घरात पोहे करपल्याचा वास सुटला होता. आणि त्या वासात अर्णव म्हणाला, "आई, फ्लेक्सचं काय?"

विलासनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"लावला ना दादा! पहाटेच लावला! आप्पांच्या दाराच्या बरोब्बर समोर. दार उघडलं की दर्शन!"

पुढची धावपळ मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. टेंपोत रिकामे जार होते, ते उतरवायलाही थांबलो नाही. मी आणि चिमी पुढं, तन्वी आणि अर्णव मागं जारांमधे. खोपोलीच्या रस्त्याला लागलो आणि प्रत्येक खड्ड्यागणिक मागं असा गडगडाट व्हायचा, की लोक दुकानांतून डोकावून बघायचे. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी होती. इतकी सावकाश, की एकेका डब्यावरचा गंज नीट पाहून घेता येत होता.

"सायकल त्यांनी शिकवली मला," विलास एकदम म्हणाले. नजर गाडीवरच. "दहावीला गणितात उडालो, तर गावात कोनाला कळू दिलं नाय. पेढे वाटले त्यांनी, सुवर्णा. पेढे! माझी लाज झाकायला. आन् आज मी त्यांची..."

मी चिमीला घट्ट धरलं. तिच्या मांडीवर तिचं तीन डोळ्यांचं चित्र गुंडाळी करून ठेवलेलं होतं. ती एवढंच विचारत होती, "केक कधी कापणार?"

साजगावात शिरलो तर नाक्यावरून पुढं जाता येईना. आप्पांच्या दारासमोर माणसं जमली होती. वर दोन खांबांना बांधलेले आप्पा, दारापेक्षा मोठे, नाक डाव्या गालावर. आणि खाली कोपऱ्यात मी! सरळ नाकाची, हसरी.

"हा दवाखान्याचा बोर्ड आसंल," एक म्हातारा सांगत होता. "लकव्याची लक्षनं दाखवलीत. असं झालं का लगेच डाक्टरकडं जायाचं."

"खाली आप्पांचं नाव हाय की ओ!"

"म्हंजी आप्पांना झालाय? तरीच! आठवडाभर मानूस भायेर दिसलं नाय!"

म्हणजे जी गोष्ट आप्पांनी शपथ घालून लपवली होती, ती माझ्या फ्लेक्सनं अख्ख्या आळीला रंगीत छापून सांगितली होती! एका बाईनं माझ्याकडं बघितलं, वर फोटोकडं बघितलं आणि विचारलं, "संकल्पना तुमीच ना?"

समोर आप्पांचं दार नुसतं लोटलेलं. खिडकीचा पडदा मात्र किंचित हलत होता. ते आतून बघत होते. मला ते दिसत नव्हते, पण त्यांची नजर उन्हासारखी मानेवर जाणवत होती.

विलासनी माणसं बाजूला करत टेंपो उलटा घेऊन फ्लेक्सखाली लावला, टपावर चढले आणि दोरी सोडायला लागले. फ्लेक्सवाल्यानं गाठ अशी मारली होती, की सुटेना. मी खालून ओरडले, "कापा!" तन्वी ओरडली, "बाबा, माझं चित्र!" विलासनी दोरी दातांनी तोडायचा प्रयत्न केला, तोल गेला आणि पडू नये म्हणून त्यांनी हाताला लागेल ते धरलं. हाताला लागला फ्लेक्स. टर्र...! आप्पा मधोमध फाटले. अर्धे आप्पा विलासच्या अंगावर आले आणि अर्धे खांबाला फडफडत राहिले. टेंपोचं मागचं फळकूट उघडलं आणि निळे जार एकामागून एक रस्त्यावर उतरून उताराला लागले. माणसं जारांमागं धावली, अर्णव माणसांमागं धावला, आणि या गडबडीत माझ्या लक्षात आलं, की चिमी कुठं दिसत नाही.

वळून बघितलं तर आप्पांचं दार उघडं होतं. उंबऱ्यात चिमीच्या चपला, एक उलटी, एक सुलटी.

आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. तिच्या हातात ते चित्र होतं! मी धावत पायरीपर्यंत गेले आणि तिथंच पाय अडकले. आत काकू पाण्याचा तांब्या धरून भिंतीला चिकटून उभ्या. आप्पा खुर्चीत. ऐन मे महिन्यात डोक्यापासून हनुवटीपर्यंत टॉवेल गुंडाळलेला, नुसता एक डोळा बाहेर. आणि त्यांच्या पुढ्यात चिमी, चित्र उलगडून.

"आप्पा, हे तुम्ही आहात," ती सांगत होती. "टॉवेल काढा ना. बघू दे बरोबर आलंय का."

आप्पा हलले नाहीत.

"काढा ना!"

आप्पांनी एकदा दाराकडं, म्हणजे माझ्याकडं, बघितलं. मग हात वर नेला आणि टॉवेल हळूहळू सोडवला.

मी तो चेहरा बघितला आणि चटकन खाली बघितलं. काकूंनीही बघितलं नाही. डावी बाजू पार ओघळल्यासारखी झाली होती. मिशीसुद्धा एकीकडं घसरल्यासारखी दिसत होती. एवढा रुबाबदार माणूस!

चिमी मात्र पुढं सरकली. आप्पांच्या गुडघ्यांवर हात टेकवून तिनं चेहरा जवळून, अगदी निरखून बघितला. कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग वळून इतक्या मोठ्यानं ओरडली, की बाहेरचे जार पकडणारेही थांबले.

"आई! आप्पांना जमलं! एक डोळा मोठा, एक छोटा, तोंड साइडला! दादाला नाही जमलं, आप्पांना जमलं!" आणि त्यांच्याकडं वळून हुकूम सोडला, "आता अज्जिबात हलू नका हं. मी परत काढते."

"हालत नाय गं बाय," आप्पा जड जिभेनं म्हणाले. "तीच तं बोंब हाय!"

आणि त्यांच्या घशातून कसलातरी आवाज आला. मला वाटलं रडतायत. पण काकूंनी तांब्या खाली ठेवला आणि त्या आधी हसल्या. आप्पा हसत होते! उजव्या बाजूनं खदाखदा, डाव्या बाजूनं काहीच नाही, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागले. मागून विलास आले, अंगावर अजून अर्धा फ्लेक्स गुंडाळलेला. ते सरळ आप्पांच्या पायांशी जाऊन बसले.

"आप्पा, आईशपत, आमाला म्हाईत नव्हतं."

"आता कळलं रं," आप्पा त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "ही पोर माज्याकडं बगत व्हती ना, तवा कळलं. म्हाईत असतं तं तीबी तुमच्यावानी खाली बगत बसली असती. तुजी काकू तं चा देतानाबी कपाकडं बगती."

काकू म्हणाल्या, "सांडतोय का बगत व्हते!" आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

मग आप्पा उठले. टॉवेल खुर्चीवरच राहिला. ते बाहेर ओट्यावर गेले, जमलेल्या माणसांकडं सरळ बघितलं, खांबाला लटकणाऱ्या स्वतःच्या अर्ध्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यो कोनता आर्धा? हालतो त्यो का हालत नाय त्यो?"

हसायचं की नाही हे कोणाला कळेना. मग तो लकव्याचा बोर्डवाला म्हातारा हसला आणि सगळी आळी सुटली.

केक दुपारीच कापला. आप्पांनी तो उजव्या बाजूनं खाल्ला. तिन्ही पोरं त्यांच्यासमोर कागद घेऊन बसली आणि शेजारपाजारची मुलंही आली. जो तो आपापल्या परीनं आप्पांना मोडत होता. कोणी हलू नका म्हटलं की आप्पा दर वेळी तेच उत्तर द्यायचे आणि दर वेळी तेवढंच हसायचे. (गणपतीपर्यंत त्यांचं तोंड पुष्कळसं जागेवर आलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ते आरशासमोर आणि चिमीसमोर करायचे. आरसा म्हणे नक्कल करतो, चिमी निदान मार्क देते.)

पण त्या दुपारी मला सुखानं बसू दिलं असतं तर ते आप्पा कसले!

"सुनबाई, इकडं ये. हितं बस. आता म्या काढनार."

"माझं चित्र?"

"मग काय! माजं सगळ्यांनी बगितलं."

त्यांनी पेन्सिल विळ्यासारखी मुठीत धरली आणि कामाला लागले. मी हसरा चेहरा करून बसले, फ्लेक्सवर होता तसाच. ते एक डोळा बारीक करून माझ्याकडं बघायचे (दुसरा तसाही मिटत नव्हता), आणि कागदावर भराभर रेघा ओढायचे. माझ्यामागं माणसं गोळा झाली. आधी खुसखुस, मग उघड हसणं. तन्वीनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "आई, हा खरा क्युबिझम!"

मी कागद हातात घेतला. आप्पांनी मला दोन तोंडं काढली होती. एक समोरून, एक बाजूनं. दोन्ही उघडी.

"आप्पा, आईचे कान राहिले!" अर्णव म्हणाला.

"ऱ्हायले नाय," आप्पा पेन्सिल खाली ठेवत म्हणाले. "दिसलेच नाय."

ते चित्र तन्वीनं चौकटीत घालून माझ्या क्लासच्या भिंतीवर लावलंय. खाली नाव नाही, काही नाही. मुलांच्या प्रवेशासाठी आईबाप येतात, खुर्चीत बसतात, चित्राकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात आणि अगदी आदरानं विचारतात, "मॅडम, हे तुम्हीच ना?"

आजवर एकही चुकलेला नाही!